भेटवस्तू, सूट आणि कृतज्ञता

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आपल्या बहुतेक पेढ्यांवर एक यादी लिहिली जाते. कोणाला सुक्या मेव्याचा डबा, कोणाला मिठाई, कोणाला केवळ भिंतीवरची दिनदर्शिका, असा तिचा क्रम असतो आणि तो खात्यावरील उलाढालीप्रमाणे लागतो. अशीच यादी बँकेतही होत असे. तेथे उलाढालीऐवजी ठेवीची रक्कम पाहिली जाई, एवढाच फरक. मोठ्या ठेवीदाराच्या घरी जानेवारीत डायरी पोहोचे. वर्षानुवर्षे न चुकता पीककर्ज फेडणारा शेतकरी मात्र त्याच दिवशी काउंटरसमोरच्या रांगेत उभा असे. त्याचेही आभार मानावयाचे असतात, हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

ग्राहकांप्रति कृतज्ञता व्यक्त करावी यावर व्यापाऱ्यांत दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणाचे आभार मानावेत आणि कशाने मानावेत याचा. राजूरसारख्या गावात हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. वणी तालुक्यातील हे गाव कोळसा आणि चुना या दोन गोष्टींमुळे ओळखले जाते, आणि भोवतालचा सारा मुलूख कापसाचा. त्यामुळे येथील दुकानात तीन प्रकारचा ग्राहक येतो. खाणीतील कामगाराला महिन्याचा पगार मिळतो. चुनाभट्टीवरील मजुराची मिळकत हजेरीवर असते. हजेरी बुडाली की चूल अडते. शेतकऱ्याचा पैसा कापूस घरी येऊन विकला गेला की वर्षातून एकदाच हाती येतो. पहिल्याला उधारीची फारशी गरज नसते आणि दुकान बदलणे त्याला सोपे असते. उरलेले दोघे आपल्या वहीत असतात. दिवाळीच्या यादीत बहुधा पहिल्याचे नाव असते, दुसऱ्या दोघांचे नसते.

जुन्या व्यापारी रिवाजांकडे पाहिले तर कृतज्ञतेला वेगळी यादी लागत नव्हती. ती रोजच्या व्यवहारातच गुंफलेली होती. सकाळच्या पहिल्या विक्रीला आपण बोहनी म्हणतो, घाटावर तिला भवानी म्हणतात. पहिला गिऱ्हाईक रुपयाचा असो वा हजाराचा, त्याचे पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकण्याची रीत आहे. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत आणि शेवटच्या मापावर मूठभर धान्य वरून टाकीत. ही मूठ हिशेबात धरली जात नसे. इंग्लंडातील पाववाले डझनाला तेरा पाव देत, त्यामागे माप कमी भरल्यास होणाऱ्या शिक्षेची भीती होती असे सांगितले जाते. आपल्या मुठीमागे भीती नव्हती. माप पुरे भरल्यावर जे द्यावयाचे तेच देणे, अशी समजूत होती.

माप पुरे भरणे ही यातील पहिली अट आहे. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत मापे-वजने कमीजास्त ठेवणे आणि अस्सल मालात नकली मिसळणे हे दोन्ही आहेत. आजच्या दुकानाला हे सहज लागू होते. इलेक्ट्रॉनिक काट्याचा आकडा ग्राहकाला दिसेल अशा बाजूला असावा. मिठाई तोलताना खोक्याचे वजन वजा व्हावे. काट्याची पडताळणी मुदतीत झालेली असावी. हे सारे कायद्यानेही बंधनकारक आहे, म्हणून यास कृतज्ञता म्हणता येणार नाही. पण याशिवाय दिलेला सुक्या मेव्याचा डबा ग्राहकाच्याच पैशांतून दिलेला असतो.

महाराष्ट्रात ग्राहकाशी नाते कसे जोडावे याचा एक वस्तुपाठ शंभर वर्षांपूर्वी घालून दिला गेला, तो किर्लोस्करांनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले चाळीस नांगर विकायला दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे लहानसे पत्र सुरू केले. कारखाना, त्याचा माल, तो वापरणारे लोक यांना जोडून ठेवणे हा त्याचा प्रारंभीचा हेतू. पुढे त्यात वाचनीय मजकूर वाढत गेला, त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिकही त्याच घरातून निघाले. नांगर विकणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाच्या घरी वाचायला काहीतरी पाठवावे, ही कल्पना त्या काळी नवलाची होती. ग्राहकाला केवळ खरेदी करणारा न मानता विचार करणारा माणूस मानले, हा त्यातील खरा मान. अलीकडे दिवाळीच्या शुभेच्छा म्हणून जी चित्रे दुकानदारांकडून मोबाइलवर येतात, त्यांत ग्राहकाचे नावही नसते. त्यांची तुलना करण्याचा मोह मी आवरतो.

दुसरे उदाहरण आपल्या समाजातील आणि अधिक जवळचे. जळगाव जिल्ह्यातील वाकोद गावच्या भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेल विकण्यापासून व्यापाराला आरंभ केला. पुढे त्यांच्या उद्योगाने ठिबक सिंचनात नाव मिळविले. ठिबक संच ही वस्तू अशी आहे की ती विकून मोकळे होता येत नाही. नळ्या तुंबतात, दाब बसत नाही, शेतकरी कंटाळून संच गुंडाळून ठेवतो आणि शेजाऱ्याला सांगतो, ‘घेऊ नको.’ म्हणून विक्रीनंतरचे मार्गदर्शन, जैन हिल्सवरील शेतकऱ्यांचे प्रशिक्षण या गोष्टी त्या व्यापाराचाच भाग बनल्या. राजूरच्या कृषी केंद्रचालकाला जळगावएवढा पसारा मांडता येणार नाही, हे मान्य. परंतु ज्याने जूनमध्ये आपल्याकडून बियाणे नेले त्याच्या शेतावर जुलैत एकदा फेरी मारून उगवण कशी झाली हे पाहणे त्याला नक्कीच शक्य आहे. अशी फेरी मारणारे आमच्या भागात काहीजण आहेत. त्यांच्या दुकानावर सवलतीचा फलक लावलेला मी पाहिलेला नाही.

सवलतीचा विषय निघालाच आहे तर थोडा हिशेब करू, कारण बँकेत असताना व्यापाऱ्यांचे ताळेबंद पाहण्याचे काम बरीच वर्षे केले आहे. समजा, एका किराणा दुकानाची वर्षाची विक्री ४० लाख रुपये आहे आणि सर्व खर्च जाऊन पाच टक्के, म्हणजे २ लाख रुपये उरतात. या दुकानाने सरसकट दोन टक्के सूट दिली तर ८०,००० रुपये गेले, म्हणजे नफ्याचा चाळीस टक्के भाग. त्या बदल्यात ग्राहकाला काय मिळाले? शंभर रुपयांमागे दोन रुपये, जे तो संध्याकाळपर्यंत विसरतो. शिवाय सूट ही अशी गोष्ट आहे की पुढच्या वर्षी ती तेवढीच ठेवली तर कमी वाटते आणि बंद केली तर अन्याय वाटतो. याउलट पाचशे घरांना प्रत्येकी चाळीस रुपयांची कापडी पिशवी दिली तर खर्च २०,००० रुपये. पिशवी वर्षभर बाजारात फिरते. मी सुटीच्या विरोधात नाही. रोख घेणाऱ्याला सूट देणे हा सरळ व्यवहार आहे. पण व्यवहाराला व्यवहार म्हणावे. त्याला आभार म्हणू नये.

भेटी देताना कायद्याच्या काही बाजू ध्यानात ठेवाव्या लागतात आणि तरुण पिढीने त्या आपल्या करसल्लागाराकडून समजून घ्याव्यात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे भेट म्हणून वाटलेल्या मालावरील इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. एका वस्तूवर दुसरी ‘मोफत’ दिली तर तो मात्र एका किमतीत दोन वस्तू विकल्याचा व्यवहार समजला जातो. घाऊक व्यापाऱ्यांसाठी महत्त्वाची तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली: आपल्या व्यवसायातील विक्रेत्याला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचे लाभ, म्हणजे सहल, सोन्याचे नाणे, दुचाकी असे काही दिले, तर दहा टक्के करकपात करावी लागते. वैयक्तिक मालकीच्या किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या व्यवसायावर मात्र त्याची उलाढाल एक कोटीच्या वर असेल तरच हे बंधन आहे. बिलातील सूट यात धरलेली नाही. घरगुती वापरासाठी खरेदी करणाऱ्या सामान्य ग्राहकाशी तिचा संबंध नाही, तेव्हा पिशवीवाल्यांनी घाबरू नये.

सोडतीबाबत मात्र सर्वांनीच सावध असावे. ‘हजाराच्या खरेदीवर कूपन, दिवाळीला दुचाकी’ असे फलक आमच्याकडेही लागतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्री वाढविण्यासाठी काढलेली सोडत ही अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडते. ज्याची किंमत प्रत्यक्षात मूळ मालात वसूल केली आहे ती वस्तू फुकट असल्याचा भास निर्माण करणे हेही त्यातच येते. याच महाराष्ट्रात १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, देशाच्या पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. तो दिवस आता राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पंचायतीचे लोक दुकानदारांविरुद्ध बोलतात अशी आपल्यांतील काहींची समजूत आहे. मला ती पटत नाही. हजार जणांची कूपने गोळा करून एकाला दुचाकी देणे म्हणजे नऊशे नव्व्याण्णव जणांना निराश करून घरी पाठविणे, एवढे तरी व्यापाऱ्याला कळायला हवे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वहीतील ग्राहकाचे आभार कसे मानावेत?

बँकेत कर्ज पूर्ण फिटले की बेबाकी दाखला देतात. वर्षानुवर्षे असा अनुभव होता की कर्ज देताना कागदपत्रे मिनिटांत मागितली जात आणि कर्ज फिटल्यावर परत देताना मात्र कर्जदाराला चार खेपा पडत. शेवटी रिझर्व्ह बँकेला १३ सप्टेंबर २०२३ रोजी आदेश काढावा लागला की कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मालमत्तेचे मूळ कागद परत द्यावेत आणि विलंब झाल्यास दिवसाला पाच हजार रुपयांप्रमाणे भरपाई द्यावी. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू झाला. या आदेशाचे मला विशेष वाटते, कारण त्यात एक साधी गोष्ट मान्य केली आहे: ज्याने आपला शब्द पाळला त्याला ताटकळत ठेवू नये.

दुकानाच्या वहीलाही हेच लागू आहे. आमच्या भागातील एका जुन्या कापड व्यापाऱ्याची रीत मी अनेक वर्षे पाहिली. शेतकरी उधारी चुकवायला आला की ते गादीवरून उठत. पैसे मोजून घेतल्यावर वही त्याच्यासमोर फिरवून धरीत, त्याच्या देखत नोंदीवर आडवी रेघ मारीत आणि तारीख घालून पावती हातात देत. मग ‘काकाजी, खाते बेबाक झाले’ असे दुकानातील इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. उधारीच्या तगाद्याची भाषा चारचौघांत ऐकविणारे पुष्कळ असतात. फेडीची गोष्ट चारचौघांत सांगणारे ते एकटेच होते. त्यानंतर पाणी आणि सुपारी. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसे, ते सुक्या मेव्याचा डबा मिळालेल्या कोणाच्याही चेहऱ्यावर मी पाहिलेले नाही. आणि हेही नमूद केले पाहिजे की ज्या वर्षी कापूस बुडाला त्या वर्षीही हे लोक त्यांच्या दुकानासमोरचा रस्ता टाळून जात नसत. यवतमाळ जिल्ह्यात कर्जाच्या ओझ्याखाली किती घरे उद्ध्वस्त झाली हे वाचकांना सांगायला नको. त्यामागची कारणे मोठी आहेत, एका दुकानदाराच्या हातची नाहीत. पण देणेकऱ्याला तोंड लपवावे लागू नये, एवढे त्याच्या हाती असते.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, हजेरी बंद झाली, तेव्हा मजुरांची घरे कोणी सांभाळली हे गावोगावच्या किराणा दुकानदारांच्या वह्यांत लिहिलेले आहे. ते पैसे बहुतांश परत आले, असे मला अनेकांनी सांगितले. काही आले नाहीत. त्या काळात वहीत नाव घेतलेली घरे आजही त्याच दुकानात येतात, जरी मोबाइलवर दोन रुपये स्वस्त मिळत असले तरी. आता पार्सलची गाडी राजूरपर्यंत येते. तिच्याशी किमतीत स्पर्धा करणे गावच्या व्यापाऱ्याला फार काळ परवडणार नाही. गाडीवाल्याला मात्र ग्राहकाच्या मुलीचे लग्न ठरल्याचे कळत नाही, आणि आजारी माणसाला मऊ भाताचा तांदूळ हवा आहे हेही कळत नाही.

हे कळणे म्हणजे मोठा ठेवा आहे आणि तो जपून वापरावा लागतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठविण्यासाठी ग्राहकांचे मोबाइल क्रमांक व जन्मतारखा गोळा करण्याची पद्धत हल्ली रूढ होत आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, असे किरकोळ विक्रेत्यांना कळविले. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणे ही कायद्यानेही अनुचित प्रथाच आहे. कोणाच्या घरी किती तेल जाते, कोणाची उधारी किती, हे शेजारच्या गिऱ्हाइकासमोर न बोलणे हाही ग्राहकाचा सन्मानच. जुनी मंडळी लाल वही मिटून ठेवीत, ती काही धुळीसाठी नव्हे.

आपल्याकडे कृतज्ञतेची जी एक खास रीत आहे तिचा उल्लेख राहून जाऊ नये. संवत्सरीनंतर, किंवा दिगंबर परंपरेत क्षमावाणीच्या दिवशी, व्यापारी मंडळी आपल्या आडत्यांना, गिऱ्हाइकांना क्षमापनेची पत्रे पाठवीत. दिवाळीचे शुभेच्छापत्र कोणीही पाठवितो. ‘वर्षभरात तोलण्यात, बोलण्यात, हिशेबात आमच्याकडून काही उणे झाले असेल तर क्षमा करावी’ असे दुकानदाराने गिऱ्हाइकाला लिहावे, हे जगातील व्यापारात विरळाच. छापील पत्राला मी फारशी किंमत देत नाही. पण ज्याच्याशी वर्षात खरोखर खटका उडाला असेल अशा दोन-तीन ग्राहकांकडे स्वतः जाऊन हे शब्द उच्चारले, तर त्याचे वजन वेगळे पडते. कठीण आहे, हेही खरे. म्हणून तर छापील पत्रांची पद्धत वाढली असावी.

या दिवसांत विदर्भातील व्यापाऱ्याला आणखी एक संधी आपणहून चालून येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुले लाकडी नंदी सजवून घरोघर, दुकानोदुकानी फिरतात आणि त्यांना बोजारा द्यावयाचा असतो. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत पर्युषणातील हाच दिवस भगवान महावीरांच्या जन्मवाचनाचा. घरातील मोठी माणसे उपाश्रयात असतात आणि दुकानाचे शटर पुष्कळदा अर्धे ओढलेले असते. काही दुकानांत त्या दिवशी आजोबांना मुद्दाम बसविले जाते. समोर दहाच्या नाण्यांची वाटी, बाजूला वह्या आणि पेन्सिली. चकचकीत रंगाच्या, चाकांच्या नंदीबरोबर चुनाभट्टीकडून येणारी मुलेही असतात. त्यांचा बैल मातीचा असतो, कधी एक शिंग मोडलेला. जाणते आजोबा त्याच्याही कपाळाला कुंकू लावतात आणि नाणे हाती देण्याआधी बैलाचे नाव विचारतात.